टेकडी, खड्डा आणि मंडई

(दृश्य : सकाळ. कापलेल्या धानाच्या बांध्या. धुऱ्यावर उभी तूर.)

हलका धान कापून झालाय, कडपा वाळतायत. भारी धान अजून उभा आहे. भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतरचे हे दिवस म्हणजे हाताला काम आणि कानाला ढोलकी.

खरं तर आम्ही विद्यापीठातलं चित्रण करायला निघालो होतो. या दिवसांत तिथे प्रदर्शनं असतात, व्याख्यानं असतात. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांचा परिचय होतो, आणि ज्याला ऐकायला लोक आलेले असतात त्याच्या वाट्याला शेवटची पंधरा मिनिटं येतात. ते सगळं टिपून झाल्यावर पुरातत्त्वाचे एक सर म्हणाले, "उद्या पोरांना घेऊन पवनीला जातोय. खुर्च्या नाहीत, माइक नाही. येता का?"

गेलो.

(दृश्य : वैनगंगेचा घाट. मग जगन्नाथ टेकडी.)

पवनी. वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम चालवलं. टेकडीच्या पोटात विटांचा स्तूप निघाला. व्यास जवळपास ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही किंचित जास्त. सांचीला आपण शाळेच्या सहलीतून जातो. पवनीवरून एसटी थेट पुढे निघून जाते.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांबही निघाले. त्यांतल्या एकावर पाच फण्यांचा नाग आहे. फणा उभारलेला, आणि त्याखाली आसन. आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. रिकामी जागा दाखवली की बघणाऱ्याला कळायचं. वर ब्राह्मीत नावही कोरलंय : 'मुचरिंद नागो'. पावसात बुद्धावर छत्र धरणारा हाच तो मुचलिंद. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातलं हे काम.

सर खांबाचं रंगीत छायाचित्र हातात धरून उभे आहेत. खांब दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याच पवनीतला रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा, म्हणजे त्या काळच्या एका सत्ताधीशाचा, स्मृतिस्तंभ नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात. तिथे या वस्तू नीट जपल्या गेल्या, यात वाद नाही. उघड्यावर राहिल्या असत्या तर एखाद्या गोठ्याची पायरी झाल्या असत्या. पण टेकडीखालच्या पोराला आपल्या गावचा नाग बघायचा तर आगगाडीचं तिकीट काढावं लागतं. काचेआड ठेवलेल्या वस्तूची एखादी चांगली प्रतिकृती इथे बसवायला किती खर्च येतो, हे आम्ही एका कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, "अर्ज करा."

(दृश्य : एक विद्यार्थिनी छायाचित्रातल्या अक्षरांवरून बोट फिरवते.)

'म' खाली गोल, वर दोन शिंगं. 'ग' म्हणजे उलटा व्ही. 'न' सरळ दांडा, खाली आडवी रेघ. ती हळूहळू लावते : ना... गो. वर्गात फळ्यावर हेच सहा महिने चाललं होतं, असं ती सांगते. इथे दहा मिनिटांत बसलं.

गर्दी बघून एक आजोबा काठी टेकत वर आले. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाले, "माझा बाप होता जी या खड्ड्यात. माती उचलाले. गोटा निंगाला तवा सारा गाव पाह्यले आला होता."

सरांनी छायाचित्र खाली केलं आणि म्हणाले, "बाबाजी, तुम्हीच सांगा आता." पुढचा अर्धा तास व्याख्यान आजोबांचं झालं. त्यातलं अर्धं ऐकीव असेल, थोडं रंगवलेलंही. कोणी टिपणं काढली नाहीत, पण सगळे ऐकत होते.

(दृश्य : दुपार. जवळच्या गावातली मंडई.)

भाऊबीज झाली की झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा. लेकी-जावई येतात, जिलेबीच्या कढया चढतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार, ढोलकीवर फेर धरलेले बाप्ये. रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं ठाणं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. हंगामात तिथल्या मंडळ्यांना उसंत नसते. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर शहरातल्या समीक्षकांपैकी फार थोड्यांनी इकडे फिरकून पाहिलं होतं.

(दृश्य : रात्र. मंडपात ताडपत्री.)

प्रेक्षकांसाठी जमीन उताराने खणलीय. पुढचे खाली, मागचे वर. कोणाचं डोकं कोणाच्या आड येत नाही. सकाळी एक खड्डा पाहिला, रात्री दुसऱ्यात बसलोय. रंगमंचासमोर वाजवणारे बसलेत. पडदा वर जायला अकरा वाजले.

तालमींना वेळ कुठे? रोज नवं गाव. त्यामुळे सगळी मदार प्रॉम्प्टरवर. दुसऱ्या अंकात खलनायक हात उगारतो आणि गप्प होतो. आतून वाक्य येतं, तेही माइकमध्ये, नीट ऐकू येईल असं. खड्डाभर हसू फुटतं. खलनायकही हसतो, मग तेच वाक्य दुप्पट जोरात म्हणतो. टाळ्या पडतात.

दोन वाजून गेलेत. सकाळी ब्राह्मी वाचणारी मुलगी गुडघ्यांना मिठी मारून टक लावून बघतेय. तिच्या शेजारचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर झोपलेत. आणि सर बोऱ्यावर मांडी घालून पहिल्या रांगेत.

परतीची गाडी संध्याकाळी सहाची ठरली होती.