भाटीची आग आणि लहान मेंदू

मंडळी, काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीत एखाद्या भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीवर, तासभर बसून पाहा. भांड्यात आंबलेला नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, उकळत असतो, त्याची पहिल्या धारेची दारू, हुर्राक, थेंबथेंब उतरत असते. भाटीकाराचं लक्ष थेंबांपेक्षा उकळीच्या आवाजाकडे. आवाज जरा जड झाला की तो एक लाकूड मागे ओढतो. अजून काही बिघडलेलं नसतं. पण आग आत्ता कमी केली तरी तापलेलं भांडं लगेच निवत नाही, हे त्याला ठाऊक असतं. उतू जाताना दिसल्यावर हात घातला तर उशीर झालेला असतो.

हा उशीर हेच आमच्या, म्हणजे कारखान्यातल्या प्रक्रिया ताब्यात ठेवण्याच्या, धंद्यातलं मुख्य दुखणं. आम्ही त्याला डेड टाइम म्हणतो. कारखान्यांत सर्वत्र चालणारा पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान, दाब वगैरे आपोआप जागेवर ठेवणारी यंत्रणा, चूक दिसली की ती दुरुस्त करायला धावतो. उशीर मोठा असेल तर तो आधी कमी ढकलतो, मग जास्त, आणि सगळी प्रक्रिया हेलकावे खात राहते. म्हणून 1970च्या दशकात तेलशुद्धीकरणात दुसरी रीत आली. प्रक्रियेचं गणिती मॉडेल ठेवायचं, पुढचा तासभर काय होईल ते त्यातून पाहायचं, त्यावरून पुढच्या अनेक हालचाली ठरवायच्या, पण त्यातली पहिलीच करायची. मग नवं मोजमाप घेऊन सगळं पुन्हा मांडायचं.

हे मॉडेल आणायचं कुठून? इथे मेंदू मदतीला येतो. आपल्या डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू आहे. आकाराने लहान, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी बहुतेक तिथेच. पडणारा पेला पकडताना हात आधीच खाली गेलेला असतो, तो या लहान मेंदूच्या सरावामुळे. जेम्स आल्बस या अमेरिकन अभियंत्याने 1975 साली या लहान मेंदूच्या रचनेवरून यंत्रमानवाच्या हातासाठी शिकणारा कंट्रोलर मांडला. मला ते काम आजही फार मोलाचं वाटतं. आजची न्यूरल नेटवर्क्स, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणारे संगणकी प्रोग्राम, वेगळ्या घडणीची आहेत, पण सूत्र तेच: आधी काय झालं ते पाहून पुढचं ओळखायचं.

आता माझा अनुभव. गोव्याबाहेरच्या एका जलशुद्धीकरण प्रकल्पात आम्ही तुरटीची मात्रा ठरवायला नेटवर्क बसवलं. तुरटी आज टाकली की गाळ बसून पाणी कसं निघतं ते काही तासांनी कळतं, म्हणजे भाटीचाच प्रश्न. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा आपल्या मानकाप्रमाणे 1 एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) आत हवा, दुसरी सोय नसेल तर 5 पर्यंत. डिसेंबर ते मेपर्यंतच्या नोंदींवर नेटवर्क शिकलं आणि सुंदर चाललं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नदी तांबडी झाली. नेटवर्कने असं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या नेटवर्कची रचनाच अशी, की उत्तर ओळखीच्या मर्यादेबाहेर जाईना. त्यामुळे त्याने उन्हाळ्यातल्या सर्वांत गढूळ दिवसाची मात्रा दिली, आणि ती फार कमी पडली. पडद्यावर आकडा नेहमीसारखाच ठाम दिसत होता.

ते पकडलं प्रयोगशाळेतल्या बाईंनी. त्यांनी सहा चंचुपात्रांत तेच पाणी घेतलं, प्रत्येकात थोडी थोडी जास्त तुरटी घातली, ढवळून ठेवलं आणि अर्ध्या तासाने पात्रं खिडकीच्या उजेडात धरली. पाचव्यात कापसासारखे गोळे तळाला बसले होते, वरचं पाणी नितळ. त्यांनी मात्रा तिथल्या तिथे बदलून घेतली.

आता शिकलेल्या मर्यादेबाहेरचं पाणी आलं की आमचं नेटवर्क बाजूला होतं आणि चंचुपात्रांची चाचणी ठरवते. पावसाळ्याच्या नोंदी मिळाल्या त्या बाईंच्याच कपाटातून. निळ्या शाईतल्या, कडा ओलसर झालेल्या अकरा वह्या. तारीख, गढूळपणा, पीएच, मात्रा, आणि समासात ‘वर दरड पडली’ असले शेरे. त्या शेऱ्यांचा आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

वेर्णे, कुंडईच्या कारखान्यांतले बरेच जण इथे बसले आहेत. तुमच्याकडे अशा वह्या असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी स्वतः येऊन बसेन आणि उतरवून घेईन.