रोस्टर, झोप आणि युनियन

नमस्कार मंडळी. पायलटांच्या संघटनेवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मनात आलं असेल की लाखांनी पगार घेणारी माणसं, यांना कशाला हवी युनियन. रास्त प्रश्न आहे, तिथूनच सुरुवात करू. पगार चांगला असतो हे खरंय, कॅप्टनचा तर खूपच चांगला. पण पगाराचं असं आहे की तो एकटा माणूसही भांडून वाढवून घेऊ शकतो, दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवली की आपली कंपनी चार पैसे जास्त देते. विश्रांतीचं तसं नाही. मला पहाटेच्या फ्लाइट कमी द्या असं मी एकटीने सांगितलं तर त्या फ्लाइट बंद होत नाहीत, त्या माझ्या शेजारच्याच्या रोस्टरवर जातात. मी बरीच वर्षं विमान उडवलं, युनियनच्या कामातही होते, आणि मला आज एवढंच सांगायचंय की पायलटांची एकजूट खरी कुठे लागते तर ती पगारासाठी नाही, रोस्टरसाठी लागते, आणि आपल्याकडे ती नेमकी तिथेच पुन्हा पुन्हा फुटली.

रोस्टर म्हणजे काय ते आधी सांगते. महिना संपत आला की पुढच्या महिन्याचं वेळापत्रक मोबाइलवर येतं. कुठल्या दिवशी कुठली फ्लाइट, कुठे लेओव्हर म्हणजे परगावी मुक्काम, कुठल्या दिवशी स्टँडबाय म्हणजे बोलावलं तर जायच्या तयारीत. घरात सगळे वाट बघत असतात, कारण मुलांच्या पॅरेंट्स मीटिंगपासून सासूबाईंच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपर्यंत सगळं त्याच्यावर ठरतं. आणि मग ते बदलतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज येतो की तुमची दुपारची फ्लाइट काढली, रात्रीची लावली, अ‍ॅक्नॉलेज करा.

आता समजा ठाण्यात राहणारा एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे आणि त्याचं मुंबईहून रात्री अडीचचं डिपार्चर आहे. तासभर आधी रिपोर्टिंग, म्हणजे दीडला एअरपोर्टवर, ब्रेथ अ‍ॅनालायझर, ब्रीफिंग, फ्युएलचा हिशोब. म्हणजे गाडी बारा-सव्वाबाराला दारात. म्हणजे त्याने झोपायचं कधी? संध्याकाळी सहा ते अकरा. घरात लहान मूल आहे, कुकरच्या शिट्ट्या होतायत, खाली गणपतीचा मंडप लागलाय, आणि हा पडदे ओढून पडलाय. कागदावर त्याला बारा-चौदा तास विश्रांती मिळाली. झोप मिळाली दीड तास. मग तो पहाटे साडेचारला एका शहरात उतरतो, तिथून पुन्हा टेक-ऑफ घेऊन सातला दुसऱ्या शहरात, समोरून सूर्य डोळ्यात येतोय. हे एक दिवस जमतं. लागोपाठ दुसऱ्या रात्री तेच केलं की काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं, चेकलिस्टची ओळ वाचून झाली की नाही तेच आठवत नाही.

साधारण रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ, आमच्या नियमांच्या पुस्तकातही तसाच धरलाय. 22 मे 2010 ला दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी सोडून दरीत गेलं, 158 माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत कॉकपिटमधला आवाज टिपणारा व्हॉइस रेकॉर्डर ऐकला तेव्हा त्यात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. दीड तासाहून जास्त वेळ तो झोपेत होता, जाग आली ती उतरायच्या थोडी आधी, डोकं पूर्ण जागं झालेलं नव्हतं, विमान उंच होतं, वेगात होतं, को-पायलट गो अराउंड म्हणत होता, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. मी त्या कॅप्टनला नुसता दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. रात्रभर उडून पहाटे टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, रनवेवर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात ती झोप असते, कोणाच्या जास्त, कोणाच्या कमी.

तुम्ही म्हणाल, मग दमलेल्या माणसाने नाही म्हणावं. नियम तसाच आहे, फिट नसेन तर मी उडता कामा नये, फटीग रिपोर्ट भरायचा, म्हणजे दमलेय म्हणून उडत नाही असं लेखी कळवायचं. पण तो रिपोर्ट कोण भरतो बघा. ट्रेनिंग आणि टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवान्यासाठी, घरच्यांनी पन्नास लाखांच्या वर कर्ज काढलंय, ईएमआय चालू आहे, पगाराचा मोठा भाग तुम्ही किती तास उडालात त्याच्यावर. रिपोर्ट भरला की फ्लाइट गेली, तासही गेले, आणि वर ऑफिसमध्ये बोलावून गोड शब्दांत विचारतात की काय, घरी काही प्रॉब्लेम आहे का. कंपनी सोडावी म्हटलं तर 2017 पासून कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस पिरियड आहे. सगळ्या देशात मला सांगा अशी कुठली नोकरी आहे जिथे राजीनामा देऊन वर्षभर तिथेच काम करावं लागतं! म्हणजे एकट्याला पळायलाही जागा नाही, आणि बहुतेक खासगी कंपन्यांत मान्यता असलेली युनियनही नाही.

युनियन बनवायला गेलं की काय होतं ते 2009 मध्ये इथे मुंबईतच बघितलं. जेट एअरवेजच्या पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची संघटना काढली, त्यात पुढे असलेल्या पायलटांना कंपनीने काढून टाकलं. कोर्टाची संपाला बंदी होती, तर सप्टेंबरमध्ये शेकडो पायलट एकदम आजारी पडले. पाच दिवस विमानं अडकली, लोकांचे फार हाल झाले, पेपरांनी पायलटांना झोडपलं. शेवटी काढलेल्या लोकांना परत घेतलं. मास सिक लीव्ह हा मार्ग मला पटत नाही, आजही पटत नाही, कारण ज्या दिवशी खरोखर आजारी पडाल त्या दिवशी तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते, चार सहकाऱ्यांच्या नोकरीसाठी इतक्या लोकांनी स्वतःचं लायसन्स आणि नोकरी पणाला लावली. ती हिंमत होती.

आता दुसरी बाजू, आणि ही सांगताना मला जास्त वाईट वाटतं. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कंपनी एक झाली, पायलटांचे गट दोनच राहिले. जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांची संघटना आयसीपीए, जुन्या एअर इंडियावाल्यांची आयपीजी. 2011 च्या एप्रिल-मेमध्ये आयसीपीएने दहा दिवस संप केला, मागणी होती की आम्हालाही एअर इंडियावाल्यांइतका पगार द्या. संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. पुढच्या वर्षी मे 2012 मध्ये आयपीजीने काम थांबवलं, भांडण काय तर नवीन ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना का देताय. तो संप 58 दिवस चालला, शंभरावर पायलटांना काढलं, आणि दिल्ली हायकोर्टात मिटलं. दोन्ही वेळा एक गट जमिनीवर आणि दुसरा हवेत. सिनियॉरिटी लिस्टमध्ये माझा नंबर तुझ्या वर की खाली, एवढ्यावर वर्षं गेली. त्या सगळ्या काळात रात्री किती लँडिंग करायची, आठवड्याची सुट्टी किती तासांची, हा प्रश्न दोन्ही गटांचा एकच होता, तोच पायलट, तीच पहाट, तीच धावपट्टी, आणि त्यासाठी मात्र दोघं एकत्र रस्त्यावर आले नाहीत. मॅनेजमेंटला काही करावंच लागलं नाही हो, आपणच आपलं केलं.

म्हणून पुढे जे झालं त्याला मी फार मोठं मानते. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या नागपूर एअरपोर्टवर पुण्याची फ्लाइट घेऊन निघणारा एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. दमणुकीनेच गेला असं मी म्हणणार नाही, त्याला त्याआधी 27 तास विश्रांती होती असं कंपनीने सांगितलं होतं. पण त्या बातमीने सगळे हादरले, आणि फटीगचा विषय कंपन्यांना टाळता येईना. जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ड्युटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्र आधी पाचला संपायची ती सहापर्यंत धरायची, म्हणजे पहाटेचा तो वाईट तास रात्रीतच आला. रात्रीच्या ड्युटीत आधी सहा लँडिंगपर्यंत चालायचं, ते दोन लँडिंगवर आलं. आणि फटीग रिपोर्टचं काय केलं ते कंपनीने दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवायचं.

लागू व्हायचे होते 1 जून 2024 ला. मार्चमध्येच पुढे ढकलले. कंपन्या म्हणाल्या माणसं नाहीत. तेव्हा तीच आयसीपीए, तीच आयपीजी आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स दिल्ली हायकोर्टात उभे राहिले, दहा-बारा वर्षांपूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक. कोर्टात वेळापत्रक ठरलं, पहिला टप्पा 1 जुलै 2025, उरलेला 1 नोव्हेंबर 2025. एक काच फुटली नाही, एक फ्लाइट अडली नाही, आणि संपावर नसलेल्या, युनियनमध्ये नसलेल्या पायलटलाही 48 तास मिळाले.

आणि मग डिसेंबर 2025. तुमच्यातले कितीतरी जण पुण्याला नाहीतर मुंबईला अडकले असतील, लग्नं चुकली, कोणाच्या अंत्यविधीला पोचता आलं नाही. 5 डिसेंबरला एका दिवसात इंडिगोच्या हजाराहून जास्त फ्लाइट रद्द झाल्या. टीव्हीवर दिवसभर चाललं होतं की पायलटांच्या नव्या नियमांमुळे गोंधळ. अहो, नियम जानेवारी 2024 चे! जवळजवळ दोन वर्षं होती माणसं घ्यायला. बाकीच्या कंपन्यांनाही तोच नियम होता, त्यांची विमानं उडत होती. नंतर डीजीसीएच्याच चौकशीत निघालं की नियोजन इतकं ताणलं होतं की हाताशी राखीव काहीच ठेवलं नव्हतं, आणि कंपनीला दंडही झाला. पण त्या आठवड्यात काय झालं? 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून सूट मिळाली, आणि रजा ही आठवड्याच्या विश्रांतीत मोजायची नाही हे कलम तर सगळ्यांसाठीच मागे घेतलं. म्हणजे मी बहिणीच्या लग्नाला घेतलेली सुट्टी माझी झोप म्हणून धरता येऊ लागली. पायलट संघटनांनी कडक पत्रं लिहिली, पण माझं म्हणणं असं की त्या दिवशी देशातल्या प्रत्येक कंपनीचा पायलट एका कागदावर सही करून उभा राहायला हवा होता. नाही राहिला. ज्यांच्या कंपनीला सूट नव्हती ते गप्प बसले, आपलं काही जात नाही म्हणून.

ही गप्प बसायची किंमत काय असते त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं सांगते. 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्यांची को-पायलट रात्रभर सिअ‍ॅटलहून दुसऱ्या विमानांत बसून ड्युटीला पोचली होती. मेलेल्यांचे नातेवाईक आणि पायलट युनियन्स मागे लागल्या, विश्रांतीचे नवे नियम झाले, जानेवारी 2014 पासून लागू. पण त्यातून कार्गो विमानं वगळली, खर्च परवडत नाही म्हणून. यूपीएसच्या पायलटांची युनियन त्याविरुद्ध कोर्टात गेली. ऑगस्ट 2013 मध्ये यूपीएसचंच एक कार्गो विमान पहाटे पाचच्या आत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर आदळलं, दोघंही पायलट गेले. त्यांच्या व्हॉइस रेकॉर्डरवर निघण्यापूर्वीचं बोलणं आहे. दोघं काय बोलत होते, तर हेच, की पॅसेंजर पायलटांना वेगळी विश्रांती आणि आपल्याला वेगळी हे कसं चालतं, आणि आपण किती दमलोय. मी तो उतारा वाचला आणि मला पुढचं पान उलटवेना. कार्गो आजही त्या नियमाबाहेरच आहे.

मघाशी इथे एका काकांनी चिठ्ठी पाठवलीये, की तुमची विश्रांती ठीक आहे पण तिकीट महाग झालं तर त्याचा भुर्दंड आम्हालाच ना. काका, थोडं महाग होईल, मी खोटं सांगणार नाही. जास्त पायलट ठेवायचे, स्टँडबायला माणसं बसवायची म्हणजे पैसे लागतात. पण डिसेंबरमध्ये तुम्ही शेवटच्या क्षणी दुसऱ्या कंपनीचं तिकीट किती रुपयांना घेतलंत ते पण मोजा. खरी गोम वेगळीच आहे. हिवाळ्याचं वेळापत्रक मंजूर होतं तेव्हा विमानं किती, स्लॉट किती हे बघतात, पण नव्या नियमांप्रमाणे तेवढ्या फ्लाइट उडवायला पायलट आहेत का, हे नीट मोजलं गेलं असतं तर डिसेंबर झालाच नसता. पायलट संघटनांनी आता मागणी करायची तर ती ही करावी, पगाराची पुढच्या वर्षी करा: वेळापत्रकाच्या अर्जासोबत क्रूचा आकडा जोडायचा, रात्रीच्या ड्युटीसकट, आणि तो आकडा संघटनांना बघायला मिळायला हवा. त्रैमासिक फटीग रिपोर्टमध्ये किती अर्ज आले आणि किती फेटाळले तेही उघड व्हायला हवं. आणि त्या मागणीवर कॅप्टन आणि को-पायलट, कायमचे आणि कॉन्ट्रॅक्टवाले, एअर इंडिया, इंडिगो, आकासा, सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात, सिनियॉरिटीप्रमाणे नाही, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावल्या तरी चालतील.