खाँसाहेबांचा षड्ज आणि मिरजेची जवारी

(पडदा काळा. फक्त तंबोऱ्याचा आवाज. मग हळूहळू दर्ग्याचं आवार, सकाळचं ऊन.)

मिरज. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. याच आवारात किराना घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या किरान्याचा. घराण्याला नाव त्या गावाचं मिळालं, पण खाँसाहेब मिरजेचे झाले.

(फिरती तबकडी, सुई जवळून.)

हा त्यांचा आवाज. बारीक, उंच, कुठेही जोर न लावलेला. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, आणि तेवढ्या वेळातही खाँसाहेबांना घाई नाही. एका स्वरावर थांबतात, त्याला थोडं वर नेतात, परत आणून अलगद ठेवतात. या ध्वनिमुद्रणात तंबोरा फारसा कळत नाही, त्या काळच्या यंत्राला तो पेलायचा नाही. पण त्याच्यावर पोसलेला गळा पहिल्या षड्जातच, म्हणजे पहिल्या ‘सा’तच, ओळखू येतो. अशीच एक ठुमरी ऐकून ११ वर्षांच्या भीमसेन जोशींनी १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडलं. पुढे ते शिकले सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे.

खाँसाहेब बीन, म्हणजे रुद्रवीणा, वाजवायचे, वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे. श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, अभ्यासात त्यांनी देवल आणि क्लेमंट्स या संगीत-अभ्यासकांना साथ दिली. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचं सुरेलपण आम्हाला देवाची देणगी एवढंच म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे तंबोरा जुळवणारा कान होता. आणि तो तंबोरा बोलता करणारे हात या गल्लीत आहेत.

(गल्ली. दुकानाबाहेर टांगलेले भोपळे. आत कारागिराचे हात.)

मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटत गेलं आणि फरीदसाहेब शिकलगारांपासून हात वाद्यांकडे वळले.

सुरुवात भोपळ्यापासून. हा कडू भोपळा, खायचा नाही. पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतो. वेलावर पुरा पिकला पाहिजे. कोवळा तोडला तर वाळताना सुरकुततो आणि साल ठिसूळ होते. महिनोन्‌महिने वाळवल्यावर तोंडाकडून कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर खरवडतात. मग आतून काठ्यांचे टेकू देऊन तोंड रुंदावतात आणि तसाच वाळू देतात. टेकू वाकडा बसला तर पुढे गळा, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणारा भाग, सरळ बसत नाही, आणि ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

गळा, दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची किंचित फुगीर फळी. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार पातळ झाली तर चार तारांच्या ताणाने घोडीखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीखाली, खचते, आणि तारा दांडीला लागून खडखडायला लागतात. कारागीर बोटाने टिचकी मारत मारत रंधा फिरवतोय, तो याचसाठी. मोजपट्टी त्याच्या बाजूला पडलीय, हात लागलेला दिसत नाही.

(घोडीचं जवळून दृश्य. इथे घाई नको, हा भाग पूर्ण दाखवायचा.)

आता जवारी, म्हणजे तार झणझणत बोलावी म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेला उतार. या चित्रफितीचं कारण हेच आहे.

बहुतेक तंतुवाद्यांच्या घोडीला धार असते, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, वर अगदी हलका उतार. तार त्या उतारावर टेकत टेकत सुटते. छेडली की ती घोडीला क्षणोक्षणी शिवते आणि त्या शिवण्यातून वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे तारेच्या मूळ स्वरात दडलेले उपस्वर, उमटत राहतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास याच घोडीचा अभ्यास केला. तारेच्या ज्या बिंदूवर छेडल्यावर एखादा उपस्वर निघूच नये, तिथे छेडलं तरी तो या घोडीवर ऐकू येतो, असं त्यांनी दाखवलं.

उतार किती द्यायचा, याचं माप नाही. तार चढवायची, छेडायची, ऐकायची. मग तार सैल करून बाजूला घ्यायची. घोडीवर तारेने उमटवलेली चकाकती रेघ दिसतेय? तिच्यावरून कळतं की तार कुठे जास्त टेकतेय. तिथेच कानस, एक-दोन हात. मग पॉलिश पेपर. पुन्हा तार, पुन्हा छेड. चारही तारांना हे वेगवेगळं करावं लागतं. तारांची जाडी सारखी नसते: जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन तारा पोलादी आणि बारीक, खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, पितळी, जवळपास दीडपट जाड. तिचं झुलणं मोठं, म्हणून तिच्याखालचा उतारही निराळा.

घोडी फार सपाट राहिली तर तार चिकटल्यासारखी बोलते, नाद लगेच मरतो. उतार फार झाला तर सूर कोरडा, टणक, पाठीमागे काहीच नाही. आणि कानसेचा एक हात जास्त पडला, तर सगळी घोडी पुन्हा सपाट करून पहिल्यापासून सुरुवात. आमच्या समोर हे एकदा झालं. कारागीर काही बोलला नाही, त्याने तारा उतरवल्या.

(धागा. सुती धागा तारेखाली सरकतोय.)

शेवटी धागा. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती धागा, काहींना रेशमी आवडतो. तो पुढे-मागे सरकवायचा, केसाएवढा. आधी बद्द आवाज येतो, मग नुसता झणझणाट, आणि मध्ये एक जागा अशी येते की तार उमलते. ऐका.

(वीस सेकंद निवेदन नाही.)

खर्जाच्या तारेतून गांधार, म्हणजे ‘ग’, ऐकू आला असेल. तो कुणी छेडलेला नाही. तारेचा पाचवा उपस्वर तो, जवारी नीट असली तरच इतका स्पष्ट येतो. गायकाला टेकायला जागा मिळते ती इथे.

जुळवताना आधी जोड. दोन्ही षड्ज एकमेकांत पूर्ण मिसळेपर्यंत. त्यांच्यात लाट ऐकू येत असेल तर ते अजून जुळलेले नाहीत. मग खर्ज, आणि पहिली तार पंचमात, म्हणजे ‘प’ला. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला ती मध्यमात लावायची, मारवा किंवा पूरियाला बहुधा निषादात. खुंटी फक्त जवळ नेते. उरलेलं काम घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याचं: तो घोडीपासून दूर ढकलला की स्वर किंचित चढतो. खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावायचा. ठोकून बसवायची नाही, दांडीला चीर जाते.

छेडायचं ते मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने उरलेल्या तीन. सारख्या दाबाने, आणि तालाकडे लक्ष न देता. तबल्याच्या मात्रेवर बोट पडायला लागलं की समजावं, साथ करणाऱ्याचं लक्ष सुटलं. पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा दमट होतात, सरसाचे सांधे सुटू शकतात. वर्षानुवर्षांच्या वापराने तारा घोडीत चर पाडतात आणि जवारी जाते. मग वाद्य पुन्हा याच गल्लीत येतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आता घरोघरी आहे, आणि जवारी काढायला शिकणारी मुलं थोडी आहेत.

(संध्याकाळ. पुन्हा दर्गा. गायक बसलेत, तंबोरा उभा.)

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली आणि ते सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर उतरले. सांगतात, की फलाटावरच त्यांनी तंबोरा जुळवायला लावला, दरबारी रागाच्या स्वरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच प्राण सोडला. ते स्टेशन आमच्या कॅमेऱ्यात नाही. ही कबर आहे. उरुसात तिच्याजवळ गाणारे येतात, नामवंतही आणि नवखेही.

समोरचा तंबोरा सकाळी कारखान्यात पाहिलेलाच. तारा आजच चढवल्यात, त्या अजून ताणल्या जातायत, म्हणून सूर उतरतोय. दोन-तीन दिवस असंच चालेल. गायक थांबलेत. पंचमाचा मणी पुन्हा थोडा खाली सरकतो.