विंगेतली बादली आणि लॉरेट टेलर

नमस्कार मंडळी.

३१ मार्च १९४५. न्यूयॉर्कचं प्लेहाउस थिएटर. विंगेत एक बादली ठेवलीय. साठीची एक नटी स्टेजवरून आत येते, बादलीत उलटी करते, तोंड पुसते आणि पुढच्या एंट्रीला परत बाहेर जाते. प्रेक्षकांना पत्ताच नाही. नाटक 'द ग्लास मिनाजरी', आणि ती बाई लॉरेट टेलर.

हे नाटक लिहिणारा टेनेसी विल्यम्स आपल्याकडच्या नाटकवेड्यांना माहीत असतो. पण त्याची अमांडा, ती सतत बोलणारी, मुलांसाठी जीव टाकणारी आणि त्यांनाच जाचणारी आई, रंगभूमीवर पहिल्यांदा जिनं उभी केली तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. मला ते फार लागतं.

लॉरेट लहानपणापासून स्टेजवर. १९१२ मध्ये 'पेग ओ माय हार्ट' आलं. हार्टली मॅनर्सनं ते खास तिच्यासाठी लिहिलेलं. एकट्या न्यूयॉर्कमध्ये ६०० हून जास्त प्रयोग झाले! पुढे तिचा नवरा झालेला हा मॅनर्स १९२८ मध्ये गेला आणि ती दारूत बुडाली. मग वर्षानुवर्षं हातात जवळपास काम नाही. तिला घ्यायला निर्माते धजेनात.

अमांडाच्या तालमीत ती संवाद नुसते पुटपुटायची. हिचं पाठांतर तरी झालंय का, म्हणून बाकीच्यांच्या पोटात गोळा. आणि डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत पडदा वर गेला, तेव्हा समोर एक जितीजागती आई उभी होती.

तरी थिएटर रिकामंच. थंडी कडाक्याची, नाटक बंद करायच्या गोष्टी सुरू झालेल्या. तेव्हा 'शिकागो ट्रिब्यून'च्या समीक्षक क्लॉडिया कॅसिडी त्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत राहिल्या. हळूहळू गर्दी वाढली, नाटक न्यूयॉर्कला गेलं. समीक्षक असावा तर असा!

डिसेंबर १९४६ मध्ये लॉरेट गेली. तिच्या अमांडाचं चित्रीकरण कुणी केलंच नाही. तिचे तीन चित्रपट आहेत, पण तेही मूकपट. पडद्यावर आवाजासकट उरलीय ती १९३८ ची एक छोटी स्क्रीन टेस्ट, म्हणजे एका चित्रपटातल्या भूमिकेसाठी कॅमेऱ्यासमोर दिलेली चाचणी. ती भूमिका तिला मिळाली नाही.

चार्ल्स डर्निंग या नटानं तिला स्टेजवर पाहिलं होतं. म्हातारपणी तो सांगायचा, मला वाटलं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा बाईलाच आत आणून उभं केलंय. ती स्क्रीन टेस्ट शोधून बघा, आणि समोरचा बोलत असताना ती ऐकते कशी, तिकडे लक्ष ठेवा.