गरम आहे तोवर

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण जेवायला जाणार आहोत व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरात. तिथली माणसं बोलताना अजूनही सर्रास सायगाव म्हणतात, म्हणून मीही सायगावच म्हणतो. या शहरात हाय बा चुंग नावाचा एक मोठा, स्कूटरींनी भरलेला रस्ता आहे. त्या रस्त्यावर तान दिन्हचं चर्च आहे. बांधून झालं १८७६ मध्ये आणि १९५७ मध्ये त्याला गुलाबी रंग दिला, तो आजतागायत आहे. पर्यटक चर्चसमोर फोटो काढतात. आपण मात्र त्याच्याकडे पाठ करून समोरच्या दिन्ह काँग चांग नावाच्या गल्लीत शिरायचं. तिथे घराच्या नंबरावरूनच ओळखलं जाणारं एक साधंसुधं खानावळवजा हॉटेल आहे, 'बान्ह सेओ ४६ ए'. बसायला साधी टेबलं, साधी बाकडी. स्वयंपाक डोळ्यांसमोर चाललेला. आणि लोक येतात ते एकाच पदार्थासाठी: बान्ह सेओ.

हा पदार्थ पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास ऑम्लेट वाटतं. पिवळंधमक, दुमडलेलं, ताटाबाहेर डोकावणारं. पण त्यात अंड्याचा अंशही नसतो. पिवळा रंग हळदीचा. पीठ तांदळाचं, त्यात पाणी, दक्षिणेकडे नारळाचं दूध आणि चिरलेली कांद्याची पात. काही जण कुरकुरीतपणासाठी थोडी बिअरही घालतात. आंबवण्याची भानगड नाही. आपल्या कोकणातल्या घावनाचं पीठ जसं पातळ, पळीवरून पाण्यासारखं ओघळणारं, तसंच हे. पण घावन मऊ आणि जाळीदार व्हावं लागतं. बान्ह सेओ मोडताना आवाज यायला हवा.

तो आवाज येतो कशामुळे, हे मी तिथे बराच वेळ उभं राहून पाहिलं. बाई खोलगट तव्यात सढळ हातानं तेल सोडते. त्यात डुकराच्या मांसाचे पातळ काप आणि कोलंबी परतते. मग पीठ ओतून लगेच तवा उचलून गोल फिरवते, म्हणजे पीठ कडांवर चढतं आणि तिथे अगदी कागदासारखं पातळ राहतं. वर मुगाचे लांब पांढरे मोड मूठभर आणि वाफवलेली मुगाची डाळ. क्षणभर झाकण. त्यानंतर झाकण काढते आणि पुन्हा ठेवत नाही, कारण आता आतली वाफ बाहेर जायला हवी. कडांतलं पाणी उडतं, कडा तव्यापासून आपोआप सुटतात, तपकिरी होतात. मग अर्धं दुमडायचं आणि ताटात. एकाच वेळी असे कितीतरी तवे धडधडत असतात आणि प्रत्येक तवा वेगळ्या टप्प्यावर. कुठला उचलायचा ते ती न बघता जाणते. त्या हाताचं मला अतोनात कौतुक वाटतं.

आता खरी गोष्ट. या कुरकुरीतपणाचं आयुष्य काही मिनिटांचं आहे. आतल्या मोडांना पाणी सुटतं, मांसाचा रस झिरपतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत तळ मऊ पडतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: सगळ्यांची ताटं येईपर्यंत थांबू नका. आपल्याला लहानपणापासून सवय असते, सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात आवरायचा. ती सवय चांगलीच आहे, पण इथे ती त्या बाईच्या मेहनतीवर पाणी फिरवते. पहिलं आलं की सगळ्यांनी मिळून त्यालाच हात घालावा, मग दुसऱ्याला. एक मोठं बान्ह सेओ दोघांत सहज पुरतं.

ताटाशेजारी पाल्याची टोपली येते. नवखा माणूस तिला सजावट समजून बाजूला सारतो आणि अर्ध्या जेवणाला मुकतो. मोहरीच्या जातीची मोठी, जराशी झणझणीत हिरवी पानं, लेट्यूस, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, एका बाजूनं जांभळट असलेला पेरिला, आणि चक्क मासळीसारखा वास येणारं एक हृदयाच्या आकाराचं पान. मोहरीचं पान हातावर पसरायचं, त्यात बान्ह सेओचा तुकडा, वर दोन-चार सुवासिक पानं, सगळं घट्ट गुंडाळायचं आणि वाटीतल्या पातळ चटणीत बुडवायचं. ही चटणी म्हणजे माशाचा सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची. सोबत गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. तेलकट, गरम पापुद्रा आणि गार, कडसर पान एकाच घासात. प्रत्येक घास आपणच बांधायचा, त्यामुळे दोन घास सारखे लागत नाहीत. काटा-चमचा मागू नका. हातानंच खायचं असतं, आणि आपल्याला ते शिकवावं लागत नाही.

माशाच्या सॉसच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. फु क्वोक बेटावर मांदेलीएवढे छोटे मासे आणि मीठ मोठ्या लाकडी पिंपांत भरून सुमारे वर्षभर मुरवतात, आणि जो पारदर्शक तपकिरी रस निथळतो तो हा सॉस. २०१२ मध्ये युरोपीय संघानं फु क्वोकच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. लिंबू-साखर पडली की वास निवतो, चव तेवढी उरते.

व्हिएतनामभर हा पदार्थ एकसारखा नाही. मध्य भागात, दा नांगकडे, तो तळहाताएवढा होतो. तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळतात आणि शेंगदाणे-काळजाच्या दाट चटणीत बुडवतात. ह्युए या जुन्या राजधानीत त्याचा एक भाऊबंद आहे, बान्ह खोआय, छोटा आणि जाडसर. दक्षिणेला मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नारळाची रेलचेल, म्हणून तिथे पिठात नारळाचं दूध आलं आणि तवाही मोठा झाला. तिथे पुराच्या दिवसांत शेवरीच्या कुळातल्या एका झाडाची पिवळी फुलं सारणात घालतात. ज्यांनी हादग्याच्या फुलांची भजी खाल्ली आहेत, त्यांना ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही.

शाकाहारी श्रोत्यांनी हिरमुसून जाऊ नये. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, त्यामुळे शाकाहारी जेवणाची तिथे जुनी, पक्की परंपरा आहे. 'चाय' म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी; अशी पाटी असलेल्या हॉटेलात शिरा. तिथे आळंबी, टोफू, मोड आणि मुगाची डाळ घातलेलं बान्ह सेओ मिळतं, आणि चटणीत माशाच्या सॉसऐवजी सोयाबीनचा सॉस असतो. मांसाचा रस नसल्यामुळे ते जरा जास्त वेळ कुरकुरीत राहतं, असं माझं मत आहे.

मुंबईहून सायगावला आता थेट विमानं जातात. गेलात तर संध्याकाळी जरा लवकरच त्या गल्लीत जा, गर्दी व्हायच्या आत. तव्यांजवळची जागा मागा. आणि सगळी एकदम मागवू नका. पहिलं अर्धं संपलं की दुसरं सांगा.