मासिकातल्या लेखाचा संदर्भ : महिना सोडू नका

मित्रहो, प्रबंधात ग्रंथांचे संदर्भ बहुतेक जण नीट देतात. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष ही घडी सगळ्यांच्या हाताला बसलेली आहे. गाडं अडतं ते नियतकालिकांपाशी. 'नवभारत, 1958' एवढं लिहून संशोधक मोकळा होतो. 'नवभारत' हे मासिक. 1958 चा कुठला अंक? नुसतं 'मंगळवार पेठ, कोल्हापूर' लिहून पत्र टाकण्यासारखं आहे हे. पेठ खरी, गाव खरं, पत्र मात्र पोचत नाही.

आपण कोल्हापुरात बसलो आहोत, तर उदाहरण इथलंच घेतो. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर इथून 'विश्ववृत्त' हे मासिक काढत. त्यात 1908 मध्ये वेदांचे अभ्यासक पं. सातवळेकर यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख आला. सरकारनं त्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि संपादक म्हणून विजापूरकरांना तुरुंगवास झाला. आता समजा, या लेखावर लिहिताना कुणी नुसतं 'विश्ववृत्त, 1908' असं नोंदवलं. त्याच वर्षी 30 एप्रिलला बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी बॉम्ब टाकला आणि 24 जूनला टिळकांना अटक झाली. सरकारचा पवित्रा त्या दोन महिन्यांत फारच कडक झाला. मग लेख बॉम्बच्या आधी छापला की नंतर, खटला तेव्हाच भरला की मागाहून, या प्रश्नांशिवाय त्या प्रकरणाचा अर्थच लावता येत नाही. उत्तर कुठे आहे? अंकावरच्या महिन्यात. संदर्भातला महिना गाळला की वाचकाच्या हातून हा सगळा युक्तिवाद निसटतो. म्हणून मी महिन्याबद्दल इतका हट्ट धरतो.

संदर्भ देण्याच्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) पद्धतीत हा फरक स्पष्ट केलेला आहे. शोधपत्रिकेतल्या लेखाला वर्ष पुरतं. मासिकाच्या लेखाला वर्षापुढे महिना लागतो आणि साप्ताहिक असेल तर दिवससुद्धा. मजकुरातल्या कंसात मात्र आडनाव आणि वर्ष एवढंच. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या) पद्धतीतही यादीत तारीख येते, पण कंसात आडनाव आणि पृष्ठांक. कुठलीही एक पद्धत धरा, फक्त प्रबंधाच्या मध्यावर ती बदलू नका. याहून जास्त वेळ मी त्यावर घालवत नाही, कारण आपली खरी अडचण स्वल्पविरामाची नाही. ती कपाटातल्या बांधीव खंडांची आहे.

जुन्या मासिकांचे वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर पुष्कळदा मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकतो. नेमका महिना आणि अंक क्रमांक त्या मुखपृष्ठावरच असतो. असा खंड हाती आला की आधी पृष्ठांक बघा. काही मासिकांचे पृष्ठांक वर्षभर सलग चालतात. तिथे पृष्ठ 412 म्हटलं की जागा सापडते. काहींचे दर अंकाला 1 पासून सुरू होतात. अशा खंडात पृष्ठ 17 बारा वेळा येतं आणि अंक न सांगता दिलेला पृष्ठांक निरुपयोगी ठरतो. मुखपृष्ठ नसेल तर अनुक्रमणिकेचं पान शोधा, नाहीतर शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचा. तिथेही काही मिळालं नाही तर तुम्ही काढलेला महिना चौकोनी कंसात घाला, म्हणजे तो अंकावर छापलेला नाही हे वाचकाला कळेल.

शकाचं गणितही सांभाळा. शकात 78 मिळवले की इसवी सन, असं आपण पाठ केलेलं असतं. पण शके 1830 चा माघ 1909 च्या सुरुवातीला येतो, 1908 मध्ये नव्हे. जानेवारी लागल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. माझं म्हणणं असं, की अंकावर शक आणि मास छापला असेल तर तोच आधी लिहा आणि इसवी सन त्याच्या शेजारी द्या. गणित चुकलं तरी मूळ नोंद शाबूत राहते.

लेखकाच्या नावाचा प्रश्न याहून नाजूक. 'मूकनायक' घ्या. या पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, हे कोल्हापुरात सांगायला नको. 31 जानेवारी 1920 ला पहिला अंक निघाला. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं. अग्रलेख लिहिले डॉ. आंबेडकरांनी. छापील नाव बघून भटकरांना लेखक ठरवलं तर चूक, आणि लेखाखाली सही नसताना काही न सांगता आंबेडकरांचं नाव घातलं तरी वाचकाची फसगत. सही नसलेल्या मजकुराचा संदर्भ शीर्षकापासून सुरू करा, आणि लेखक कोण व कशावरून, हे तळटीपेत सांगा.

आणखी एक सवय मला फार खटकते. लेख वाचलेला असतो पुढे निघालेल्या संग्रहात आणि संदर्भ दिला जातो मूळ मासिकाचा, कारण तो वजनदार दिसतो. संग्रहात घेताना लेखक वाक्यं गाळतो, परिच्छेद बदलतो, कधी शीर्षकच बदलतो. मग तुमचं अवतरण त्या अंकात सापडतच नाही. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो, पुढचा विद्यार्थी तोच संदर्भ उचलतो आणि अंक न उघडताच तो पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. संग्रह वाचला असेल तर संग्रहाचंच नाव द्या आणि पूर्वप्रसिद्धी कुठे झाली ते पुढे जोडा.

संकेतस्थळावर वाचलेल्या लेखाला पृष्ठांक नसतो. तिथे परिच्छेद मोजून सांगावा. छापील अंकाची तारीख आणि संकेतस्थळावर लेख टाकल्याची तारीख वेगळी असू शकते, म्हणून तुम्ही ज्या रूपात वाचला त्याच रूपाची तारीख द्या. छापील अंकाचं स्कॅन असेल तर ते पृष्ठ समोरच आहे, त्याचा छापील क्रमांक घ्या. पीडीएफ उघडल्यावर पडद्यावर दिसणारा क्रमांक घेऊ नका, तो मुखपृष्ठापासून मोजलेला असतो.