कुत्रा, कपाट आणि षष्ठी विभक्ती

[मागे फळा. फळ्याच्या मागच्या बाजूला एक शब्द आहे, तो कॅमेऱ्याला दिसत नाही.]

नमस्कार मंडळी! या फळ्याच्या मागे माझ्या भाच्याने एक शब्द लिहून ठेवलाय. मी अजून पाहिलेला नाही, आईशप्पथ. पुढच्या बाजूला मी माझा शब्द लिहिते. [लिहिते: तलाठी] का, ते शेवटी कळेल.

मध्यंतरी मी मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या एका कार्यशाळेला गेले होते. कुठल्या ते सोडा, जेवण चांगलं होतं. दोन तास ‘बालमनाचं भावविश्व’, मग एक तास ‘संस्कार’. घरी येऊन वही उघडली तर त्यात एकच ओळ: ‘मुलांसाठी लिहिणं सोपं नसतं.’ अहो, ते माहीत होतं म्हणूनच तर पैसे भरून आले होते!

म्हणून आज जान्नी रोदारी. इटलीचा लेखक, जन्म १९२०चा. तरुणपणी शाळामास्तर, मग पत्रकार. १९७० साली त्याला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, बालसाहित्यातला सगळ्यात मानाचा. दोन वर्षांनी, ६ ते १० मार्च १९७२ या दिवसांत, रेज्जो एमिलिया या गावाने त्याला बोलावलं. समोर पन्नासेक शिक्षक. त्याने नुसत्या आठवणी सांगितल्या असत्या तरी टाळ्या पडल्या असत्या. पण हा गडी हत्यारांची पेटी उघडून बसला. गोष्ट ‘सुचते कशी’ हे बाजूला ठेवून ‘काढायची कशी’ ते सांगत सुटला. ती बोलणी पुढे टेपवरून टाइप झाली आणि १९७३ साली त्यातून पुस्तक आलं. नावाचा अर्थ, कल्पनेचं व्याकरण.

त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते शब्दांच्या जोडीचं. मास्तर असताना तो एका मुलाला फळ्याच्या पुढे शब्द लिहायला लावायचा, दुसऱ्याला मागे. एकाला दुसऱ्याचं दिसत नाही. समजा निघालं ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’. शब्द एकमेकांपासून लांबचे हवेत. घोडा आणि कुत्रा घेतलात तर दोघे चार पायांचे, शेजारी शेजारी उभे राहतील आणि शेपट्या हलवतील. कुत्रा आणि कपाट यांना मात्र एकत्र आणायला काहीतरी जुळवाजुळव करावीच लागते.

ती करायला रोदारी दोन शब्दांना जोडणारे छोटे छोटे शब्द वापरतो. मराठीत तर ते काम विभक्तीच करते! [फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते] कुत्र्याचं कपाट, षष्ठी. यात गोष्ट कमी, सुतारकाम जास्त. रोदारीचंही साधारण हेच म्हणणं. कपाटात कुत्रा, सप्तमी. डॉक्टर दमून घरी येतो, घरातला कोट घ्यायला कपाट उघडतो, आत कुत्रा. झालं! आता तो कुत्रा तिथे का, हे लेखकाला सांगावंच लागणार. आणि आपली पंचमी बघा: कपाटाहून मोठा कुत्रा. मग तो आत शिरला कसा? शाळेत ‘स, ला, ते’ घोकताना यातून गोष्टी निघतात हे कुणी बोललं नाही.

हे खरंच चालतं का? त्याच गावातल्या बालवाडीत साडेपाच वर्षांच्या एका मुलाला जोडी मिळाली: दिवा आणि बूट. त्याची गोष्ट अशी. एक मुलगा सारखा बाबांचे बूट घालायचा. वैतागून बाबांनी त्याला दिव्याला टांगलं. रात्री तो धपकन पडला, आणि बघतात तर पोरगं पेटलेलं! म्हणजे उजळलेलं. बाबांनी डोकं फिरवलं, विझेना. कान ओढले, नाक दाबलं, बेंबी दाबली, तरी विझेना. शेवटी बूट काढले, तेव्हा विझला. बटण कुठे सापडलं बघा. मला जन्मात सुचलं नसतं.

दुसरी युक्ती उपसर्गाची, ती पटकन सांगते. इटालियनमध्ये ‘कान्नोने’ म्हणजे तोफ. पुढे ‘स’ लावून रोदारी ‘स्कान्नोने’ करतो: लढाई उसवणारी तोफ. मराठीत ‘बिन’ लावून बघितलं, नाही जमलं. बिनतोफ म्हणजे तोफ नसलेला, बास. पण ‘उलट’ चालतं. उलटतपासणी आहे ना, तशी उलटघंटा: वाजली की तास संपत नाही, गेलेली मधली सुट्टी परत येते.

चला, फळा फिरवू. [फिरवते] ‘कुकर’. अरे देवा. तलाठी आणि कुकर. तलाठ्याचा कुकर? नको, ती निविदा होईल. तलाठ्याला कुकर? त्याला लाच म्हणतील. कुकरमध्ये तलाठी... थांबा. सातबारा मिळेना म्हणून आजीने कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, आणि आतून आवाज आला, “आजी, गट नंबर सांगा.”

पुढचं तुम्ही लिहा.